मांसाने कॅन्सर होतो ही बातमी खोटी कशी पाडावी

राजेहो, 'मांस खाल्ल्यानं कॅन्सर होतो' ही बातमी पुन्हा मोबाइलवर फिरू लागली आहे. घाबरू नका. ती खोटी कशी पाडायची याचं शिक्षण मला परवा पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मटणाच्या रांगेत फुकट मिळालं. दारव्हा रस्त्यावरच्या आमच्या गावात या विद्येला तोटा नाही. तुमच्या सोयीसाठी इथे उतरवून ठेवतो.

पहिली गोष्ट, बातमी पूर्ण वाचायची नाही. 'मटण खाता? सावधान!' एवढा मथळा मत बनवायला पुरतो. खाली वाचलं तर पंचाईत होते. तिथे लिहिलेलं असतं की 2015 च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं फ्रान्समधल्या लिऑन शहरात 10 देशांचे 22 तज्ज्ञ बसवले आणि प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या, म्हणजे 'यानं कॅन्सर होतो हे पक्कं' अशा गटात टाकलं. प्रक्रिया केलेलं म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, बेकन. मीठ, नायट्राइट, धूर लावून टिकवलेला माल. सकाळी कापलेला बोकड त्यात नाहीच. तो लाल मांसात येतो आणि लाल मांस 2अ गटात आहे, म्हणजे 'बहुधा होतो'. पण हे वाचत बसलं तर रांगेतला नंबर जातो आणि चाप दुसऱ्याच्या थैलीत पडते.

बातमी छापणाऱ्यांनीही हात आखडू नये. वर रश्श्याची तर्री दाखवावी, खाली सलामीचं संशोधन चिकटवावं आणि 'सिगारेटइतकंच घातक' असं ठोकून द्यावं. गट हा पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, हे वाचकाला कशाला सांगायचं? बैलानं ढुशी दिली आणि मुंगी चावली, दोन्हीचे साक्षीदार पक्के असले म्हणून जखम सारखी होत नाही. पण मुंगीची बातमी कोण वाचणार?

दुसरी गोष्ट, आजा काढायचा. "आमचा आजा नव्वद वर्साचा होऊन गेला, जलमभर मटन खाल्लं, त्याले काई झालं नाई!" असा आजा प्रत्येक घरात असतो. त्याच्यासोबतचे जे पन्नाशीतच गेले ते वाद घालायला येत नाहीत, म्हणून हा मुद्दा कधी हरत नाही. आजाला मटण मिळायचं करीला, लग्नात नाहीतर कोणाचा नवस फिटला तर, आणि सलामी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. हे बोलायचं नाही. मी बोललो. सगळी रांग हसली.

"पयले अंडं वाईट होतं, आता चांगलं झालं." एवढं म्हणून मान हलवावी. पुढे कोणी बोलत नाही.

शिकलेले असाल तर 2019 चा हवाला द्या. त्या वर्षी संशोधकांच्या एका गटानं एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की पुरावा कच्चा आहे, लोकांनी आत्ता खातात तेवढं मांस खात राहावं. ती शिफारस त्यांनी स्वतःच 'दुबळी' म्हटली होती आणि त्यावरून जगभर भांडण झालं, ते सोडून द्या.

आकडा आला की त्याच्यावर जोरात हसावं. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असा तो आकडा आहे. मूळ धोका शंभरात पाच जणांना असेल तर तो सहाच्या आसपास जातो, शंभरातल्या अठरांना कॅन्सर होतो असं नाही. ही वाढ खरी आहे आणि लहान आहे. पण आपल्याला दोनच भाव ठाऊक: 'मेलो' नाहीतर 'फालतू आहे बे'.

तणनाशकाचा विषय काढू नये. त्याच 2015 च्या मार्चमध्ये त्याच संस्थेनं ग्लायफोसेट या तणनाशकाला 2अ गटात टाकलं, म्हणजे आपल्या बोकडाच्याच बाकावर. चोर बीटीच्या, म्हणजे हे तणनाशक सोसणाऱ्या बिगरपरवान्याच्या कपाशीच्या वावरात तोंडाला साधा रुमाल न बांधता पंप पाठीवर घेणारा माणूस मटणाच्या रांगेत मला विचारतो, "भाऊ, हे कॅन्सरचं खरं आहे का?"

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. वरचं सगळं बोलताना तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला माल, असावा. नसला तर वजन येत नाही. मला फालतू ठरवणाऱ्याच्या गालात तो होताच, आणि माझी समजूत काढायला त्यानं खर्ऱ्याची पन्नी माझ्यापुढे केली. "घ्या, तुमी लय टेन्शन घेता." अरे बाबा, ज्या यादीवर तू हसलास त्याच यादीच्या त्याच पहिल्या गटात तुझी पन्नी आहे! तंबाखू आहे, आणि नुसती सुपारीसुद्धा आहे. जगात प्रक्रिया केलेल्या मांसाच्या खात्यावर वर्षाला 34 हजार कॅन्सरचे मृत्यू धरले होते, तंबाखूच्या खात्यावर 10 लाख. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या नंबरावर आहे. गुटखाबंदी 2012 ची, आणि बस स्टँडसमोर दिवसभर खर्रा घोटणं चालू. शाळेतली पोरं पन्नी खिशात घालून वर्गात बसतात. नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलात जाऊन बसा एकदा, गालाला पट्टी लावलेली आपल्याकडचीच माणसं दिसतील. त्यांच्यातल्या कोणाला सलामीनं तिथं नेलं ते विचारा.

आणि तुम्ही मला शंकेखोरपणा शिकवता? शंका घेणारा माणूस विचारतो: कोणतं मांस, किती, रोज का वर्षातून चारदा? तुम्ही काही विचारलं नाही. तुम्हाला बातमी नको होती म्हणून ती खोटी झाली, एवढंच. उद्या खर्रा तब्येतीला चांगला अशी बातमी आली तर हाच माणूस ती गावभर पाठवेल, आजाचं नाव घेऊन.

आता मटणाचं राहू दे. खा, करीला पोटभर खा. आधी तोंड उघड आणि तीन बोटं उभी करून आत जातात का बघ. तिखट लागताच गाल भाजतो का सांग. बोटं जात नसतील तर माझ्याशी वाद घालू नको, सकाळच्या एसटीनं यवतमाळला जा आणि डॉक्टरला तोंड दाखव. आणि जायच्या आधी ती पन्नी पोराच्या हातून आणायला लावणं बंद कर.