नळ बंद आहे, पाणी चालूच आहे

पाणी वाचवा म्हटलं की आपण आधी माणसांच्या मागे लागतो. तू किती वेळ शॉवरखाली असतोस, तू दात घासताना नळ का सोडतेस, मग त्यावरून घरात चिडचिड. ते बोलणं चूक नाहीच, साधा शॉवर मिनिटाला ९-१० लिटर पाणी सहज टाकतो, पाच मिनिटं जास्त रेंगाळलं की ५० लिटर गेलेच. पण मला हल्ली फार वाटायला लागलंय की जे पाणी कुणी वापरतच नाही, कुणाच्याच कामी न येता गुपचूप गटारात जातं, त्याच्याकडे आपण बघतच नाही.

आमच्याकडचंच सांगते. रात्री सगळं सामसूम झालं की बाथरूममधून अधूनमधून स्सस्स असा आवाज यायचा, थोडा वेळ, मग बंद. कित्येक महिने ऐकत होतो आणि कूस बदलून झोपत होतो. शेवटी एकदा फ्लश टँकचं झाकण काढून आत खायच्या रंगाचे चार-पाच थेंब टाकले आणि फ्लश न करता वीस मिनिटं थांबले, तर खाली कमोडच्या पाण्यात रंग उतरलेला! तळाची रबरी झडप नीट बसतच नव्हती. पाणी भांड्याच्या आतल्या कडेने इतकं बारीक झिरपत होतं की डोळ्यांना दिसायचं नाही, टँकमधली पातळी उतरली की फ्लोट खाली यायचा आणि वरून परत भरणं सुरू. ती झडप हातात घेतली तर कड वाकडी झालेली, रबर चिकट, बोटांना काळं लागलं. एवढ्याशा रबरासाठी इतके महिने चांगलं पाणी घालवलं याचं मला खरंच वाईट वाटलं.

हे कुठेही असू शकतं हो. मीटर असेल तर घरातलं सगळं बंद करून आकडा लिहून ठेवा, दोन तासांनी परत बघा, आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळतंय. आणि गळका नळ असेल तर खाली एक लिटरचा मग ठेवा. तासाभरात तो भरला तर दिवसाचे २४ लिटर आणि वर्षाचे ८,७६० लिटर, आणि बहुतेक वेळा दोष निघतो एका वॉशरचा.

बागेत तर आपण प्रेमापोटी पाणी घालवतो. झाडाने मान टाकली की घाल पाणी! अहो पण पाणी जास्त झालं तरी झाड मान टाकतं, कारण मातीत हवाच उरत नाही आणि मुळं कुजायला लागतात. आणि भर उन्हात कितीतरी झाडं दुपारी मलूल होतात नि संध्याकाळी आपोआप ताठ उभी राहतात. म्हणून आधी मातीत दोन इंच बोट घालायचं, आत ओल लागली तर झारी खाली ठेवायची. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच्याच थरात राहतात, त्यापेक्षा मोठ्या झाडांना थोड्या दिवसांनी पण खोलवर मुरेल असं, सकाळी लवकर, बुंध्याशी हळूहळू पाणी द्यायचं (नवीन रोपांचं वेगळं, त्यांना सुरुवातीला वरचेवर लागतंच). वर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरायचा, फक्त खोडाला चिकटवायचा नाही. तो उचलून बघाल ना, खालची माती गार आणि काळसर असते, शेजारची उघडी माती तोपर्यंत भेगाळलेली.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे मातीचं मडकं. ग्लेझ म्हणजे चकचकीत लेप नसलेलं, साधं. झाडांजवळ मातीत गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण. भोवतीची माती जशी कोरडी होईल तसं ती मडक्यातून पाणी ओढून घेते, ओली असेल तर घेतच नाही. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी याची नोंद आहे. मोटर नाही, टायमर नाही.

पावसाचा हिशोब तर पाठच करून ठेवा, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर छतावर १० मिमी पडला की १,००० लिटर, थोडं उडतं-मुरतं ते सोडा, बाकीचं पन्हळीतून थेट पिंपात घेता येतं, फक्त पहिलं घाण पाणी सोडून द्यायचं आणि डास होऊ नयेत म्हणून पिंपावर घट्ट झाकण हवं.

आज रात्री तुमच्या टँकमध्ये रंग टाकून बघाच, आणि खाली उतरला की नाही ते कमेंटमध्ये सांगा, मी सगळ्यांचं वाचणार आहे.