सिंह स्वस्तात कसा पाहावा

आफ्रिकेत जाऊन सिंह पाहायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे छोट्या विमानाने थेट जंगलातल्या लॉजवर उतरायचं. तिथे अंथरुणात गरम पाण्याची पिशवी आधीच ठेवलेली असते आणि सिंह दिसला नाही तर मॅनेजर जातीने दिलगिरी व्यक्त करतो. तो मार्ग तुमचा नव्हे. तुम्ही रात्री अकराला दर ताडून पाहत बसणारे, आणि आज तुम्हाला हवं ते सापडलं आहे. केप टाउन ते व्हिक्टोरिया फॉल्स, वीस दिवस, साडेपाच हजार किलोमीटर, तंबूत मुक्काम, जेवणासकट, आणि तेही त्या लॉजच्या दोन-तीन रात्रींच्या पैशांत. अभिनंदन. पैसे भरून टाका, आणि मग सावकाश पुढचं वाचा.

जाहिरातीतला मोठा आकडा वाचून तिथेच थांबावं, हे उत्तम. खाली बारीक अक्षरात बरंच काही असतं आणि त्याने उगाच मन कलुषित होतं. स्लीपिंग बॅग आपली आपण आणायची. पहिल्या दिवशी गाइडच्या हातात ‘लोकल पेमेंट’ रोख ठेवायचं. तंबूत एकटं झोपायचं असेल तर जादा पैसे, आणि जे जे फोटोत दिसतंय ते ते ‘ऐच्छिक’. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे तुम्हाला कळतं. पण कोंबडी चार आण्यांत मिळाली हे चारचौघांत सांगता येतं, मसाल्याचं कोण विचारतो? व्हिसाचं म्हणाल तर देश चार, नियम चार आणि दर वर्षी बदलणारे. ते तुमचे तुम्ही बघायचे. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, शेजारच्या काकांना नको.

कपडे सुती आणि पातळ न्या. आफ्रिका म्हणजे ऊन, हे शाळेपासून ठाऊक आहे. मे-जूनच्या सुटीत तिकडे हिवाळा असतो, वाळवंटात पहाटे पारा शून्याच्या आसपास उतरतो, असल्या तपशिलात शिरलात तर बॅगेचं वजन वाढतं. त्यापेक्षा पहिल्या रात्री अंगावर आहे नाही ते सगळं चढवून, वर रेनकोट घालून झोपा. थंडी टाळायला दिवाळीत गेलात, तर ऑक्टोबरात बोट्सवानातल्या ओकावांगो-चोबेकडे चाळीस अंश तुमची वाट बघत असतात. एक गोष्ट मात्र खरंच कामाची सांगतो: दक्षिण आफ्रिकेतलं सॉकेट आपल्या गीझरच्या मोठ्या तीन पिनांचं असतं. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून तसा अडॅप्टर घ्या. ट्रकमधले बाकीचे वीस जण विमानतळावरून महागडा ‘युनिव्हर्सल’ घेऊन आलेले असतात आणि तो तिथे बसत नाही. तीन आठवडे तुम्ही सगळ्यांचे लाडके व्हाल.

हो, ट्रक. त्याला बस म्हणायचं नाही. खिडक्या आहेत, ओळीने सीटा आहेत, मागे शिळा वास आहे, तरी तो ट्रक. काही ठिकाणी बस म्हणणाऱ्याला दंड म्हणून भांडी घासायला लावतात. यात गंमत अशी की न म्हणणाऱ्यालाही घासावीच लागतात. कारण ही ‘सहभागा’ची सफारी आहे. ट्रकच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला असतो: आज भाजी चिरणारे, आज भांडीवाले, आज ट्रक झाडणारे. तुम्ही महिनाभराचा पगार मोजून या तक्त्यात आपलं नाव लावून घेतलेलं आहे.

भांड्यांची पद्धत नीट समजून घ्या. तीन टब. पहिल्यात साबण, दुसऱ्यात जंतुनाशक, तिसऱ्यात साधं पाणी. पुसायला फडकं नाही. फडक्यात जंतू असतात म्हणे. मग दोन्ही हातांत एकेक ताट धरायचं आणि ते सुकेपर्यंत हवेत हलवत राहायचं. नामिबच्या वाळवंटात सूर्य मावळतोय, आणि एक जर्मन निवृत्त न्यायाधीश, दोन ऑस्ट्रेलियन नर्स आणि तुम्ही अर्धगोलात उभे राहून प्लॅस्टिकच्या ताटांनी वारा घालताय. लांबवर एक ओरिक्स, म्हणजे लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी, मान वर करून बघत राहतो. त्याने कोणाला एक पैसा दिलेला नाही. घरी स्वतःचा चहाचा कप विसळताना ज्यांची कंबर धरते, ते गृहस्थ इथे बावीस जणांची ताटं हलवतात आणि वर ‘काय अनुभव आहे!’ म्हणतात. बायकोने त्याचा व्हिडिओ काढला तर तो घरच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. सासूबाई असले पुरावे जपून ठेवतात.

नाव नोंदवताना ‘शाकाहारी’ लिहिलंत, तर बटरनट नावाच्या भोपळ्याशी तुमची गाठ बांधली जाईल. भाजलेला, उकडलेला, सूपमधला. इतरांच्या ताटात निखाऱ्यावरचं बोरवर्स सॉसेज चुरचुरत असतं. चिकन म्हणजे भाजीच, हा तिकडचा जुना विनोद कूक तुम्हाला पहिल्याच रात्री ऐकवेल. हसा, वीस दिवस त्याच्या हातचं खायचं आहे. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी अवश्य न्या. ‘पाप’ नावाच्या तिकडच्या मक्याच्या घट्ट लापशीवर चटणी घालून बघाच, आपल्या उकडीची आठवण येते. फक्त डबा टेबलावर उघडा ठेवू नका.

नामिबिया आठ लाख पंचवीस हजार चौरस किलोमीटरचा आहे, महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि माणसं तीस लाखांच्या आसपास. एकट्या पुण्यात याहून जास्त राहतात. त्यामुळे दोन गावांमध्ये जे आहे ते म्हणजे रस्ता, आणि तोही खडीचा, आडव्या पन्हळी पडलेला. दात वाजायला लागले की गाइड म्हणेल, “हा आफ्रिकन मसाज, फुकट!” फुकट शब्द ऐकून तुम्हाला बरं वाटेल. लघुशंकेसाठी ट्रक थांबतो तेव्हा बायका एका बाजूच्या झुडपांमागे, पुरुष दुसऱ्या, असा शिष्टाचार आहे. झुडपं असती तर तो पाळताही आला असता.

नामिबच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या सोसुसव्लेईसाठी पहाटे साडेचारला उठायचं, अंधारात तंबू पाडायचा. कॅनव्हासचा तंबू घडी घातल्यावर ज्या पिशवीतून निघाला त्या पिशवीत जात नाही, हा त्याचा स्वभाव आहे, त्याच्यावर बसा. मग सेसरिमच्या फाटकापासून पंचेचाळीस किलोमीटरवरची ‘ड्यून ४५’ नावाची टेकडी. दोन पावलं वर, एक पाऊल खाली, असं करत सूर्य उगवायच्या आत माथ्यावर पोचायचं, आणि पोचल्यावर आधी फोन वर करायचा. सूर्य नंतर. पुढे खरं सोसुसव्लेई आणि डेडव्लेई. सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळून गेलेली, अजून उभी असलेली काळी झाडं, पांढरी जमीन, लाल वाळू. ज्या फोटोने तुमच्या खिशातून पैसे काढले तो फोटो इथलाच. पण शेवटचे पाच किलोमीटर मऊ वाळू आहे आणि तुमचा ट्रक तिथे जात नाही. फोर-बाय-फोर शटल आहे, पैसे वेगळे. इथे तुमचं अंतःकरण सांगेल ते करा. सात समुद्र ओलांडून आलेला माणूस शटलचे पैसे वाचवायला पाच किलोमीटर वाळू तुडवतो, आणि डेडव्लेईपर्यंत पोचतो तेव्हा ट्रकची परतायची वेळ झालेली असते, हेही तिथे दर मोसमात घडतं. मी म्हणेन, चाला. नाहीतर सांगायला काय उरणार?

असे वाचवलेले पैसे स्वाकोपमुंडला कामी येतात. जर्मनांनी १८९२ मध्ये वसवलेलं हे गाव अजूनही केक विकतं, समुद्रावरून थंडगार धुकं येतं आणि प्रत्येक दुकानात विमानातून उडी मारायचं किंवा वाळूवर चारचाकी उडवायचं माहितीपत्रक असतं. एका दुपारीत दहा दिवसांची काटकसर फस्त होते. १९०४ ते १९०८ या काळात याच जर्मनांनी हेरेरो आणि नामा लोकांचं शिरकाण केलं, २०२१ मध्ये जर्मनीने त्याला वंशसंहार म्हटलं, हे माहितीपत्रकात नसतं. असलं तरी तुम्ही उडीचे दर बघत असता.

पुढे कुठे तरी हिंबा जमातीच्या वस्तीला ‘सांस्कृतिक भेट’ असते. वेळ पाऊण तास. बायकांनी अंगाला गेरू लावलेला असतो, तुम्ही उन्हाचं क्रीम. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघायचं, फोटो काढायचे, हार विकत घ्यायचा आणि घासाघीस करून त्यातले वीस डॉलर कमी करायचे. नामिबियन डॉलर, म्हणजे शंभरएक रुपये. तिच्याकडे मोबाइल दिसला तर परत येताना ट्रकमध्ये सर्वांनी मिळून हळहळायचं, की आता पूर्वीचं काही खरं राहिलं नाही.

एतोशात मात्र थोडं गांभीर्य ठेवा. १९०७ पासूनचं राखीव वन, मधोमध जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचं मिठाचं सपाट मैदान, आणि ओकाउकुयेच्या मुक्कामी दिवे लावलेला पाणवठा. रात्री दगडी कुंपणाच्या अलीकडे बाकावर बसायचं आणि पलीकडे काळा गेंडा पाणी प्यायला येतो. खरोखर येतो. इतका जवळ, की पाण्यात नाक घातल्यावर फुस्स झालेला आवाज ऐकू येतो. अशा वेळी बिअरच्या कॅनचं झाकण उघडणारा एकजण असतोच. तो तुमच्या ट्रकमधला नाही अशी बतावणी करा. तंबूकडे परताल तेव्हा बाहेर काढून ठेवलेल्या बुटांपैकी एक कोल्हा घेऊन गेलेला असेल. दुसरा बूट जपून ठेवा, त्याचा उपयोग काही नाही, पण दोन्ही गेले म्हणायला वाईट वाटतं.

दिवसा सिंह दिसला तर तो नेमका डाव्या बाजूला दिसेल आणि तुमची सीट उजवीकडे. बावीस माणसं डावीकडे कलंडतात. सिंह झोपलेला असतो. दिवसातले अठरा-वीस तास तो हेच करतो. वीस मिनिटं त्याचं पोट हलताना बघायचं, मग जेवणाची वेळ होते.

बोट्सवानाच्या हद्दीत शिरताना बूट औषधात बुडवलेल्या पायपुसण्यावर ठेवावे लागतात आणि कच्चं मांस काढून घेतात. गुरांच्या लाळ्या-खुरकुताची भीती. युरोपीय मंडळी गोंधळतात. तुमचं गावाकडे कोणी असेल तर तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. या देशाने पर्यटकांबद्दल सरळ धोरण ठरवलंय: माणसं थोडी, पैसे जास्त. म्हणजे तुमच्यासारखा माणूस त्यांच्या मनात नव्हता. तरीही ओकावांगोत एक फट आहे. पाऊस पडतो अंगोलात, पाणी महिनोन्‌महिने वाहत खाली येतं आणि इकडे ऐन कोरड्या हिवाळ्यात खोरं भरतं; २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीतलं ते हजारावं स्थळ झालं. माउन गावाच्या बाजूने स्थानिक गावांच्या भागात मोकोरोतून, म्हणजे सपाट होडीतून, जाता येतं. होडीवाला मागे उभा राहून लांब काठीने ढकलतो, तुम्ही पुढे पाय पसरून बसायचं. हात पाण्यात सोडू नका, मगरींचं पथ्यपाणी कोणी सांगितलेलं नाही.

मुक्काम बेटावर. नळ नाही, वीज नाही, संडास म्हणजे एक खड्डा आणि एक फावडं. फावडं ठरल्या जागी नसेल तर आत कोणीतरी आहे, एवढीच कडी. रात्री तंबूतून बाहेर पडायचं नाही, आणि पडावंच लागलं तर आधी झिप उघडून टॉर्च फिरवायचा. डोळे चमकले तर पुन्हा झिप लावून सकाळपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. पाणघोडे रात्रीच चरायला निघतात. तंबूच्या दोरीला एवढं धूड घासून जाताना गवत उपटल्याचा आवाज कानाशी येतो, तेव्हा शेजारच्या तंबूत भिडूचं घोरणं थांबलेलं असतं. त्या क्षणी लॉज महाग का असतो ते तुम्हाला कळतं. सकाळी विसरा.

या सगळ्यात कूक किती वाजता झोपतो, हे मोजायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही साडेचारला उठता तेव्हा पाणी उकळलेलं असतं आणि तुम्ही निजताना तो उद्याचे डबे भरत असतो. दिवसा पाचशे किलोमीटर ट्रक हाकणारा ड्रायव्हर रात्री जॅक लावून ट्रकखाली असतो. तुमचा दर इतका कमी कसा, याचं उत्तर या दोघांच्या डोळ्यांखाली आहे; पण तुम्हीही ताटं हलवलीच ना? मग फिट्टंफाट.

व्हिक्टोरिया फॉल्सला तुम्ही भिजाल, १०८ मीटर खोल दरीत कोसळणारं पाणी बघून दोन मिनिटं कोणी काही बोलणार नाही, आणि फाटकाबाहेर तुम्हाला झिम्बाब्वेची शंभर ट्रिलियन डॉलरची जुनी नोट विकत मिळेल. तिच्यावरही घासाघीस करा. संध्याकाळी टीपसाठी पाकीट फिरतं. ‘सगळ्यांनी सारखीच रक्कम देऊ, उगाच कोणाला अवघड वाटायला नको,’ असं कोणीतरी सुचवेल आणि सगळ्यात कमी आकडा सांगेल. त्याला ठामपणे पाठिंबा द्या. मग अभिप्रायाचा फॉर्म भरा. कूक: ठीक. रस्ते: सुधारायला वाव. बिबट्या: दिसला नाही, परतावा मिळेल का?

फॉर्म द्यायला जाल तेव्हा कूक ट्रकमागे ताटं-वाट्या मोजत बसलेला असेल. उद्या सकाळी हाच ट्रक नवी बावीस माणसं घेऊन उलट्या दिशेने निघतो. एक चमचा कमी भरतोय म्हणून त्याने तिसऱ्यांदा मोजायला घेतलं असेल. तुमच्या चटणीच्या डब्यात बघा जरा.