ताण हा केवळ परिणाम नव्हे
एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण झालेल्या पेशींत ऑक्सिडीकरणाचा ताण (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंचा पेशीवर पडणारा भार) वाढतो आणि हा ताण म्हणजे पेशी मरू लागल्याची खूण आहे, असे एका लेखात म्हटले आहे. मला ही मांडणी अपुरी वाटते. मानवी फुप्फुसाच्या ए५४९ पेशींना एन-ॲसिटिलसिस्टीन हे ग्लुटाथायोनची (हा ताण कमी करणाऱ्या, पेशीतल्याच एका रेणूची) भर घालणारे औषध दिल्यावर विषाणूची वाढ आणि दाह वाढवणाऱ्या सायटोकाइनांची (पेशींनी सोडलेल्या संदेशवाहक प्रथिनांची) निर्मिती दोन्ही घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे, म्हणजे हा ताण विषाणूच्या पथ्यावरच पडतो. मात्र एक खबरदारी हवीच. प्रयोगशाळेत पेशी सहसा १८ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनमध्ये वाढवतात, वायुकोशांत तो जेमतेम १३-१४ टक्के असतो. या जादा ऑक्सिजनमुळे लागण न झालेल्या पेशींतही थोडा ताण असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवणाऱ्या रंजकाची फिकट हिरवी चमक दिसते, आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय कोणताही आकडा ग्राह्य धरू नये.