गाणं पूर्ण होऊ द्या की!

गेल्या दीड-दोन महिन्यांत संगीतावरच्या डॉक्युमेंटरी आणि चित्रपट एकामागोमाग एक बघितले. काही पहिल्यांदाच, काही दुसऱ्या-तिसऱ्यांदा. डोक्यात इतकं साठलंय की लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. पोस्ट लांबणार आहे.

सुरुवात चिडचिडीने झाली. एका मोठ्या गायकावरची डॉक्युमेंटरी लावली होती, नाव घेत नाही. गाणं सुरू होतं, दोन ओळी होतात, आपण जरा सावरून बसतो आणि तेवढ्यात आवाज खाली जातो. खुर्चीत बसलेलं कुणीतरी सांगायला लागतं की त्यांच्या आवाजात जादू होती. अहो, ती जादू आत्ता चालू होती ना, तुम्हीच बंद केलीत! पुढचं तरी गाणं ऐकवतील या आशेने शेवटपर्यंत बसले. एकही पूर्ण ऐकवलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गाणं केलं, त्याच्याबद्दल दीड तास बोलायचं आणि त्याला मात्र गाऊ द्यायचं नाही, हे मला खरंच सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी ‘अमेझिंग ग्रेस’ पाहिली आणि जीव निवला.

अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनने जानेवारी १९७२मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका चर्चमध्ये दोन रात्री गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीत, गायलं. त्याची रेकॉर्ड निघाली, तुफान खपली. चित्रीकरणही झालं होतं, दिग्दर्शक सिडनी पोलॅकने केलेलं. पण ते पडद्यावर यायला २०१८ उजाडलं, कारण शूटिंगच्या वेळी क्लॅपच दिला नव्हता. ती पाटी खटकन वाजते, त्या आवाजावरून चित्र आणि ध्वनी जुळवतात. इथे तासन्‌तास फुटेज पडलेलं आणि जुळवायला खूणच नाही. ओठ कुठल्या ओळीवर हलतायत हे कसं ठरवणार? कित्येक वर्षांनी डिजिटल तंत्राने ते जुळलं, तर मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. खुद्द अरेथानेच प्रदर्शन अडवलं होतं. ती गेली त्याच वर्षी चित्रपट लोकांसमोर आला. तिला नको असलेली गोष्ट आपण बघतोय ही टोचणी मला बघताना होती आणि अजूनही आहे.

पण काय गायलीय! जवळपास दीड तास गाणंच गाणं. मुलाखती नाहीत, तज्ज्ञ नाहीत. ती स्वतः दोन गाण्यांच्या मध्ये फारसं बोलतसुद्धा नाही. ज्या भजनावरून चित्रपटाला नाव दिलंय ते ती गात असताना तिच्या साथीला असलेले रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड रुमालात तोंड लपवून रडतात. ती एकेक शब्द इतका लांबवते, इतका फिरवते, की मला विलंबित ख्याल आठवला. शब्द निमित्तमात्र उरतो आणि त्यातला स्वर मोठा होत जातो. दुसऱ्या रात्री तिचे वडील पुढे येतात आणि ती पियानोवर गात असतानाच तिच्या चेहऱ्यावरचा घाम पुसतात. लेक एकोणतीस वर्षांची, जगभर गाजलेली, आणि बाप मात्र लहान पोरीचं तोंड पुसावं तसं पुसतोय. गाणं काही थांबत नाही.

बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या चौघांवरची ‘गेट बॅक’ सगळ्यांना झेपेल असं नाही. पीटर जॅक्सनने जानेवारी १९६९मधलं साठेक तासांचं फुटेज घेऊन २०२१मध्ये त्याचे तीन भाग केले, मिळून जवळजवळ आठ तास. पहिल्या तासात मीही दोनदा घड्याळ बघितलं. बसलेली माणसं, चहा, सिगारेटी, कंटाळा. मग एका सकाळी पॉल मॅकार्टनी बेस गिटार मांडीवर घेऊन नुसताच एक ठेका धरून बसतो. शब्द नाहीत, तोंडाने काहीतरी गुणगुणणं चाललेलं. समोर जॉर्ज जांभई देतोय, रिंगो बघतोय, जॉन अजून आलेलाच नाही. आणि दोन-तीन मिनिटांत त्या गुणगुणण्यातून ‘गेट बॅक’ची चाल वर यायला लागते! तो भाग मी चार वेळा मागे नेऊन बघितला. मूर्तिकाराच्या हातातल्या मातीला नाक-डोळे यावेत तसं ते गाणं आपल्या डोळ्यांदेखत आकार घेतं.

दुसरीकडे जॉर्जला स्वतःच्या गाण्यातली एक ओळ काही केल्या सुचत नाहीये. जॉन म्हणतो, सुचेपर्यंत काहीही म्हण, फ्लॉवर म्हण! पुढे ‘समथिंग’ म्हणून जे गाणं लाखो लोकांच्या मनात घर करून राहिलं, त्यात काही दिवस फ्लॉवर होता, डाळिंबही होतं. हे कळल्यापासून ते गाणं मला जास्तच जवळचं वाटतं. कुणी कितीही थोर असो, ओळ सुचण्याआधी त्यालाही असंच अडून बसावं लागतं, आणि ते आठ तास खर्च केल्याशिवाय दिसलं नसतं.

‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ (२०१३) ही मागे उभं राहून साथ देणाऱ्या गायिकांवरची. ‘गिमी शेल्टर’ हे रोलिंग स्टोन्स या बँडचं गाणं ऐकलं असेल, तर त्यातला बाईचा तो फाटत जाणारा आवाज विसरणं शक्य नाही. ती मेरी क्लेटन. रात्री उशिरा फोन आला, गरोदर होती, केसांना रोलर लावलेले, तशीच उठून स्टुडिओत गेली. डॉक्युमेंटरीत फक्त तिचा आवाज वेगळा काढून ऐकवलाय. वाद्यं नाहीत, बँडचा गायक मिक जॅगर नाही. वरच्या पट्टीत आवाज चिरतो आणि ती मागे हटत नाही, पुन्हा तिथेच चढते. माझ्या अंगावर काटा आला. ‘ती महान होती’ असं दहा जणांनी सांगण्यापेक्षा ही काही सेकंदं भारी आहेत.

गाण्यावर बोलायचं नाही हा माझा नियम ‘समर ऑफ सोल’ला मात्र लागू पडत नाही. १९६९च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये झालेल्या संगीत महोत्सवाचं हे फुटेज जवळपास पन्नास वर्षं पडून होतं. यात गाण्यांवर लोक बोलतात, बऱ्याचदा बोलतात, तरी मला खटकलं नाही. कारण ती माणसं तिथे होती. गायिका मेरिलिन मॅकू स्वतःचंच तरुणपणीचं गाणं बघताना भरून येते. तिथे बोलणं गाण्यातूनच उमटलेलं असतं. आणि गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन व मेविस स्टेपल्स एकाच माईकवर गातात तेव्हा दिग्दर्शक त्यांच्या वाटेतून बाजूला होतो.

‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ पाहताना डोळे भिजले होते. अमेरिकेत कुणी न विचारलेला गायक रॉड्रिग्ज, दक्षिण आफ्रिकेत त्याच्या नकळत घराघरांत पोचलेला. नंतर कळलं की तो १९७९ आणि १९८१मध्ये ऑस्ट्रेलियात दौरे करून आला होता आणि चित्रपटात त्याचा उल्लेखच नाही. मूळ गोष्ट इतकी सुंदर असताना हे गाळायची काय गरज होती? दुसऱ्यांदा बघताना मन पहिल्यासारखं लागलं नाही.

आता कथापट. ड्रम शिकणारा मुलगा आणि त्याचा क्रूर शिक्षक यांच्यावरच्या ‘व्हिप्लॅश’चा (२०१४) शेवट मी आजही श्वास रोखून बघते. पण त्यातला विचार मला मान्य नाही. तो शिक्षक सारखं सांगतो की ड्रमर जो जोन्सने तरुण सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या डोक्यावर झांज फेकली म्हणून पार्कर घडला. खऱ्या आठवणींमध्ये ती झांज पायाशी टाकल्याचं येतं. या दोन्हींत फार अंतर आहे! हातातून रक्त येतंय म्हणजे रियाझ झाला, असं नाही. काठी धरायची पकड चुकतेय, आणि चांगला गुरू आधी ती पकड सुधारेल.

म्हणून मला चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ (२०२०) कितीतरी मोठा वाटतो. त्यातला शरद नेरुळकर शास्त्रीय गाणं मन लावून शिकतो, गुरूंची सेवा करतो, रियाझात कसूर नाही, आणि तरीही ते येत नाही. ‘ते’ म्हणजे काय हे त्यालाही माहीत आहे, म्हणून जास्त दुखतं. शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरू झालेले अरुण द्रविड दोघेही मुळात गायक, त्यामुळे मैफलीचा प्रसंग आला की कॅमेरा एका जागी स्थिर राहतो आणि आपण नुसतं ऐकतो. रात्री रिकाम्या रस्त्यावर मोटारसायकल, कानात गुरूंच्या गुरू माईंचं रेकॉर्ड केलेलं बोलणं. तो आवाज सुमित्रा भावेंचा. इतका शांत, इतका कठोर. माई जे मागतात ते शरदला पेलणारं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू दिसायला लागतं आणि मला पडद्याकडे बघवत नाही.

पाहिला नसेल तर पुढचं वाचू नका. शेवटी लोकलच्या डब्यात एक माणूस वाद्य वाजवत, गात येतो. शरद बायको-मुलीबरोबर बसलाय. त्याने गाणं सोडलेलं आहे. पण कान सुटलेले नाहीत.