व्हेपचा सेल घेताय? एमएएच नको, अँपिअर विचारा

इथे ब्रिटनमध्ये आपल्या मराठी मंडळींपैकी सिगारेट सोडून व्हेपकडे, म्हणजे बॅटरीवरच्या ई-सिगारेटकडे, वळलेले बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, स्वतः सिगारेट सोडण्यासाठी व्हेपचा पर्याय सांगते, २०२३ साली सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना स्टार्टर किट देण्याची योजना जाहीर केली. त्यावर आज वाद घालायचा नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने व्हेपलाही हात लावू नये, हे माझं मत आहे आणि ते तिथेच ठेवतो. मला लिहायचंय ते आत बसणाऱ्या सेलबद्दल. फ्लेव्हरवर तासभर बोलणारा दुकानदार सेलचा विषय निघाला की "हा घ्या, हा सगळ्यात जास्त एमएएचचा आहे" एवढ्यावर मोकळा होतो. माझा राग या वाक्यावर आहे.

बदलता येणारे सेल ज्या मोठ्या डिव्हाइसमध्ये लागतात, त्यांत बहुतेक वेळा १८६५० हा सेल असतो. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. त्याचा थोरला भाऊ २१७००. हाच १८६५० जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत होता, टॉर्चमध्ये असतो, टेस्लाच्या पहिल्या गाड्यांत तर हजारोंनी होता. पण लॅपटॉपमध्ये किंवा गाडीत त्याच्यावर लक्ष ठेवणारं सर्किट असतं. सॅमसंग, एलजी, सोनी या कंपन्या कित्येक वर्षं सांगत आल्या आहेत की हे सेल सुटे विकण्यासाठी नाहीत, सर्किटसकट पॅकमध्ये वापरण्यासाठी आहेत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानेही २०२१ च्या जानेवारीत सुटे १८६५० विकत घेऊ नका असा इशारा दिला. तरी बाजारात ते मिळतात, लोक घेतात. म्हणून निदान घेताना काय बघायचं ते माहीत हवं.

एमएएच म्हणजे सेलमध्ये एकूण किती साठा आहे. अँपिअर म्हणजे त्यातून एका वेळी किती खेचता येतं. गावाकडे विहीर बघितलेल्याला हे समजावून सांगायला नको: विहिरीत पाणी भरपूर असलं तरी झरा बारीक असेल तर मोठा पंप लावून उपयोग नाही. फरक एवढाच की विहिरीवर पंप कोरडा पडतो आणि इथे सेल तापतो. तापत तापत एका टप्प्यानंतर आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता तयार करू लागते, मग बटण सोडलं तरी ती थांबत नाही.

आणि या दोन आकड्यांचं एकमेकांशी वाकडं आहे. जास्त साठा हवा तर आतले थर जाड करावे लागतात, जास्त करंट हवा तर ते पातळ. एकाच डब्यात दोन्ही भरपूर मिळत नाही. सॅमसंगचा २५आर घ्या: २५०० एमएएच, २० अँपिअर. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० एमएएचचा, पण अँपिअर १५. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी ३४०० एमएएचचा, पण सलग करंट जेमतेम पाचेक अँपिअर. टॉर्चसाठी उत्तम सेल, ताकदीच्या व्हेपमध्ये घातला तर धोका. दुकानदाराच्या "सगळ्यात जास्त एमएएच"चा अर्थ अनेकदा हा असतो.

आपल्याला किती अँपिअर लागतात हे काढणं दहावीचं गणित आहे. वॉटेज ठरवता येणारं डिव्हाइस असेल तर वॉट भागिले व्होल्ट. पण भागताना पूर्ण चार्जचे ४.२ व्होल्ट धरू नका, सेल संपत आल्यावरचे साधारण ३.२ धरा, कारण व्होल्ट उतरले की तेवढेच वॉट द्यायला डिव्हाइस जास्त करंट ओढतं. एका सेलवर ८० वॉट चालवत असाल तर २५ अँपिअर झाले, वर सर्किटमध्ये वाया जाणारं धरून २७-२८. म्हणजे २० अँपिअरचा चांगला अस्सल सेलसुद्धा तिथे कमी पडतो. दोन सेलचं डिव्हाइस घ्या किंवा वॉट खाली आणा.

मेकॅनिकल मॉडबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: घेऊच नका. त्यात सर्किटच नसतं. धातूची नळी, सेल, बटण आणि द्रव तापवणारी तार म्हणजे कॉइल, बस. व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर, हा ओहमचा नियम. ०.१ ओहमची कॉइल लावली तर ४.२ व्होल्टला ४२ अँपिअर वाहणार आणि मध्ये थांबवणारं कुणी नाही. सेल बिघडून वायू सोडू लागला आणि नळीला बाहेर जायला पुरेशी भोकं नसली तर पुढचं सांगायला नको. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेप फुटून माणसं गेली आहेत. टेक्सासचा मुलगा २४ वर्षांचा होता. "मला ओहमचा नियम येतो" म्हणणारे मित्र मला भेटतात, आणि येतोही त्यांना. पण हातातून पडून नळीला पोचा आला किंवा बटण खिशात दाबलं गेलं तर तो नियम आठवायला वेळ कुठे मिळणार?

खिशावरून आठवलं. आमच्याकडच्या गणपतीच्या कार्यक्रमात एका मित्राने पँटच्या खिशातून सुटा सेल काढून मला दाखवला, पाठोपाठ गाडीची किल्ली आणि चिल्लर. मला घाम फुटला. या सेलचा अख्खा डबा ऋण टोक असतो, वरच्या कडेपर्यंत. धन टोकाची टोपी आणि ती कड यांच्यात एक बारीक गोल चकती आणि वरचं पातळ प्लास्टिकचं कव्हर, एवढाच अडसर. किल्ली आडवी लागली की शॉर्ट. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या बातम्यांतून ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना गोळा केल्या. त्यांतल्या ६१ घटनांत डिव्हाइस किंवा सुटा सेल खिशात होता, ६० मध्ये डिव्हाइस वापरात होतं. म्हणजे तोंडाशी जेवढा धोका तेवढाच मांडीशी. प्लास्टिकची डबी एक-दोन पौंडांना मिळते. सुटा सेल तिच्याबाहेर ठेवायचा नाही, आणि कव्हरला चीर गेली की तो सेल वापरायचा नाही. नवं कव्हर चढवता येतं, पाच मिनिटांचं काम आहे, पण वरची चकतीही नीट जागेवर बसली पाहिजे.

आता खोट्या मालाबद्दल. नावाजलेल्या कंपन्यांचे १८६५० सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. कव्हरवर ५००० लिहिलं असेल तर ते खोटं आहे. ९९०० लिहिलेले सेल तर राजरोस विकले जातात, भारतातही, स्वस्त टॉर्चबरोबर. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी ते विकत घेतो याचं मला जास्त वाईट वाटतं. अस्सल सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं, फारच हलका लागला तर आत माल नाही. पण वजन बरोबर म्हणून सेल अस्सल, असं नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल चकचकीत कव्हर घालून नवे म्हणून येतात. अनेक 'ब्रँड' स्वतः सेल बनवतच नाहीत, दुसऱ्याचा सेल घेऊन आपलं कव्हर आणि आपला आकडा चढवतात. असा सेल वाईटच असेल असं नाही, पण आत काय आहे हे कळायला मार्ग नाही, आणि ज्याच्या आत काय हे कळत नाही ते मी तोंडाजवळ धरणार नाही. मुराता (सोनीचा बॅटरी धंदा यांनीच घेतला), सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, तैवानची मोलिसेल, यांच्यापैकी कुणाचा आणि नेमका कुठला मॉडेल, हे दुकानदाराला सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर दुकान बदला. कव्हरवर अँपिअर लिहिलेले असले तरी ते 'सलग' आहेत की काही सेकंदांचे, हे मॉडेलच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात, बघा. तो काही सेकंदांचा आकडा आपल्या कामाचा नाही.

दोन सेलच्या डिव्हाइसमध्ये जोडी एकत्र घ्या, एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा. एक नवा एक जुना असं केलं की कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा ओढत नेतो. चार्जिंग शक्यतो वेगळ्या चांगल्या चार्जरवर, एक अँपिअरच्या आसपास, जागेपणी. गादीवर, उशीजवळ नाही. बाद झालेला सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून सुपरमार्केटमधल्या बॅटरीच्या डब्यात टाका.

आणि डिसेंबरात घरी जाणाऱ्यांसाठी: भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट आणायलाच बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हेप इथेच ठेवून जा. टॉर्चचे वगैरे सुटे सेल नेत असाल तर डबीत घालून केबिन बॅगेत, चेक-इन सामानात कधीच नाही.

सिगारेट सोडण्यापुरतंच व्हेप हवं असणाऱ्याला मी सुटे सेल सुचवतच नाही. आतच बॅटरी असलेलं, चार्ज होणारं साधं छोटं व्हेप, ज्याला पॉड म्हणतात, ते घ्या, ओळखीच्या दुकानातून. ज्यांच्याकडे मोठी डिव्हाइस आधीच आहेत, त्यांनी आज रात्री सेल बाहेर काढून कव्हर आणि चकती बघा, त्यावरचं मॉडेल वाचा. शंका आली तर दोन्ही बाजूंचा फोटो आणि तुम्ही किती वॉटवर चालवता तेवढं मला पाठवा. मी बघून सांगतो.