गाडी रिकामीच चालली आहे ना?

पेट्रोलचा भाव रोज सकाळी सहा वाजता बदलणार, असं 2017 च्या जूनमध्ये ठरलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. जळगावकर रोज सोन्याचा भाव बघतात, आपण नंदुरबारकर पेट्रोलचा बघू. काही दिवस चहाच्या आधी तेच काम होतं. कधी बारा पैसे वर, कधी सात पैसे खाली. चार आण्याचं नाणं सरकारनं 2011 मध्येच बंद केलेलं, त्यामुळे हे सात पैसे मला कोण आणि कशात देणार, हे काही कळत नव्हतं. मग 2021 च्या उन्हाळ्यात भाव शंभरीपार गेला. त्याच वर्षी शेजारच्या मध्य प्रदेशात काही पंपांच्या जुन्या मशीनवर तीन आकडी भाव मावेना म्हणून विक्री थांबवावी लागली. मशीनला लाज वाटली, भावाला नाही. पुढे 2022 च्या पावसाळ्यापासून हाच रोज बदलणारा भाव जो बसला, तो वीस महिने जागचा हलला नाही. मार्च 2024 मध्ये दोन रुपये उतरला. तेव्हा लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, हा निव्वळ योगायोग.

पण गाडी महाग पडते ती पेट्रोलमुळे नव्हे. ती महाग पडते ‘रिकामीच चालली आहे ना’ या एका वाक्यामुळे.

माझी गाडी जुनी आहे, म्हणजे मी घेतली तेव्हाच जुनी होती. चार जण कसेबसे बसतात. पण ती दारात लागल्यापासून गल्लीतल्या कुणालाच कुठे एकटं जाता येईनासं झालं. शहाद्याला निघालो की कुणाची तरी मावशी शहाद्याला राहते. दवाखान्यात निघालो की आणखी दोघांना डॉक्टरांना दाखवायचंच असतं. पैसे विचारायची सोय नाही. एकदा समोरच्या नानांनी आपण होऊन विचारलं, “मास्तर, पेट्रोलचं काय ते सांगा हं.” मी “छे छे, नाना, काहीतरीच काय!” म्हणालो आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं.

याच नानांनी एका हिवाळ्यात डिकीत सुक्या मिरचीचं पोतं टाकलं. ज्यांनी नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवरून डोळे पुसत गाडी काढली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. बाहेर नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असते, ती बघायला छान दिसते. पोतं डिकीत असलं की छान दिसत नाही. पोतं उतरलं, मिरची राहिली. सीटच्या शिवणीत, पायपुसण्यात, कुठे कुठे बारीक बिया. मार्चमध्ये पहिल्यांदा एसी लावला आणि जाळीतून जी काही हवा आली, तिनं मी, बायको आणि मागे बसलेले खुद्द नाना असे तिघं एका तालात शिंकायला लागलो. नाना शिंकांच्या मधून म्हणाले, “मास्तर, गाडीची सर्व्हिसिंग करा.”

सर्व्हिसिंग! आमचा मिस्तरी बॉनेट उघडतो, आत बघतो आणि काहीच बोलत नाही. निदान ऐकण्याआधीचा तो वेळ फार वाईट. मग म्हणतो, “काम निघालंय.” माझ्या गाडीत काम नेहमी निघतं, संपत कधी नाही. क्लचप्लेट झाली की बुश, बुश झाले की रेडिएटर. तेवढ्यात नवी नंबरप्लेट सक्तीची झाली: चारचाकीला 745 रुपये, वर जीएसटी. गाडीची किंमत त्या प्लेटमुळे निदान तेवढी तरी वाढली असावी. विमा दरवर्षी भरतो. गाडीची किंमत दरवर्षी खाली येते, हप्ता मात्र तिच्या मागोमाग यायला तयार नाही. पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते. तिची फी एप्रिल 2022 पर्यंत 600 रुपये होती, तिथून ती एकदम 5000 झाली. आमच्या गाडीचं ते वर्ष जवळ आलंय. घरात कुणी तिच्या वयाचा विषय काढत नाही.

आता आम्हा नंदुरबारकरांचं एक विशेष सुख सांगतो. आम्हाला गुजरात जवळ आहे. निझर तर अर्ध्या तासाचा रस्ता. तिकडचा कर कमी, त्यामुळे पेट्रोल लिटरमागे नऊ-दहा रुपयांनी स्वस्त. साहजिकच गावातला प्रत्येक शहाणा माणूस गुजरातेत टाकी भरतो. मी कागदावर हिशोब मांडला. तीस लिटर भरले तर तीनशे रुपये वाचतात. जाऊन-येऊन पेट्रोल जळतं दोन-अडीच लिटर. तरी पन्नासेक रुपये हातात राहिले पाहिजेत. ते राहत नाहीत, कारण गाडी रिकामीच चाललेली असते. एकाला निझरला उतरायचं असतं, तो पंपाच्या अलीकडे नव्हे तर पलीकडे उतरतो. दुसऱ्याला फाफडा आणायचा असतो. तिथवर गेलोच आहोत म्हणून आम्हीही गरम फाफडा खातो, वर कढी, वर चहा. स्वस्त पेट्रोल मला जेवढ्याला पडतं, तेवढ्यात आमच्या गावच्या पंपावर टाकी भरून झाल्यावर पानसुद्धा खाता येईल. पण गावच्या पंपावर भरलं असं चारचौघांत सांगायची हिंमत होत नाही. लोक कीव करतात.

सीमेवरचा व्यवहार मात्र बघण्यासारखा आहे. नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर तर फलाटच अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. बाकावर मधोमध बसलं की माणूस दोन राज्यांना पुरतो. गुजरातेत 1960 पासून दारूबंदी, आपल्याकडे पेट्रोलवर भारी कर. म्हणून आपण तिकडे जाऊन गाडीची टाकी भरतो आणि तिकडची काही मंडळी इकडे येऊन स्वतःची. दोन्ही टाक्या संध्याकाळी समोरासमोरून एकमेकांना डिपर मारत घरी जातात. आणि गंमत अशी की पेट्रोल आणि दारू, दोन्ही जीएसटीच्या बाहेर. सगळ्या देशाला एक कर लावताना या दोघांना वगळलं, कारण राज्यांच्या तिजोरीत यांचा वाटा मोठा. माझ्या साध्या नंबरप्लेटला जीएसटी आहे, बघा.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. ऊस, मका, तांदूळ यांपासून केलेलं शुद्ध अल्कोहोल. म्हणजे माझी गाडी या वयात घ्यायला लागली. अ‍ॅव्हरेज पडलं तेव्हा मिस्तरी म्हणाला, “जुनी गाडी आहे साहेब, तिला सवय नाही.” दारूबंदीच्या राज्यात शिरताना मी हल्ली काचा वर घेतो. उगाच कुणाला वास यायला नको.

शेवटी गाडी वापरायचीच नाही असं ठरवलं. मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा. आई म्हणाली, “बस फुकट शे तं गाडी कसाले?” बरोबरच होतं. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. आई फुकट, बायको अर्ध्यात, पूर्ण तिकीट घरात फक्त मला. पण यात्रेला मुक्काम, म्हणजे गोधड्या, स्टोव्ह, पाण्याचा जार आणि कळण्याच्या पिठाचा डबा. हे सगळं एसटीत कसं न्यायचं? तेव्हा दोघी एसटीनं गेल्या आणि त्यांच्या मागोमाग मी सामान घेऊन गाडीनं. बसमधून आई मागच्या काचेतून बघत होती, मी येतोय ना म्हणून.

सारंगखेड्याला यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. लाखालाखांचे घोडे. एका व्यापाऱ्याजवळ रेंगाळलो. गिऱ्हाईक घोड्याचे दात बघत होतं, मग कपाळावरचा भोवरा, मग गळ्याखालचं देवमण, म्हणजे तिथला शुभ भोवरा. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, म्हणून पंचकल्याणी. व्यापाऱ्यानं मला विचारलं, “मास्तर, घोडा घेता का?”

मी म्हटलं, “खातो किती?”

“हरभरा, चारा, मालिशला माणूस. खर्च आहेच. पण हा शिकवलेला आहे, दोन वर्षांनी भाव चढेल. तुमच्या गाडीचा चढेल का?”

मग तो उठून माझ्या गाडीभोवती फिरला. बॉनेट नाही उघडलं, फक्त वाकून चाकं बघितली. पुढचे दोन टायर दोन कंपन्यांचे, मागचे दोन आणखी दोन कंपन्यांचे, डिकीतली स्टेपनी पाचवीच. पाठ सरळ करत तो म्हणाला, “ही पण पंचकल्याणीच आहे की.”

दुसऱ्या दिवशी परत निघताना आई एसटीच्या थांब्याकडे वळेना. सामानाबरोबर तिची एक मावसबहीणही गाडीशी येऊन उभी राहिली. ती आईला यात्रेत तीस वर्षांनी भेटली होती आणि तिला नंदुरबारलाच जायचं होतं. तिच्याजवळ एक बोचकं आणि एक नातू. बायको म्हणाली, “अहो, गाडी रिकामीच चालली आहे ना.” दहा मिनिटांत गाडी मागच्या बाजूनं बसली, नातू गिअरजवळ आणि बोचकं माझ्या मांडीवर येता येता राहिलं. चावी फिरवली तर काटा तळाशी, पेट्रोलचा दिवा लागलेला. मी म्हटलं, इथेच पंपावर पाचशेचं टाकून घेतो.

आईनं मागून खांद्यावर हात ठेवला. “आठे कसाले टाकस रे? निझरवर जाऊत ना. तठे सस्तं भेटस.”