गाडी कधी गरम होते एवढं विचारायला काय जातं?

सहा वीकेंड गेले. सहा! आणि शेवटी निघालं काय तर वाळलेला चिखल, एक मेलेलं फॅन कपलिंग आणि एक प्लास्टिकचं कव्हर जे काढणाऱ्याने परत लावलंच नव्हतं. डोकं असं सणकलंय ना की लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

जुनी डिझेल फोर बाय फोर आहे, वीस वर्षांच्या पुढची. हायवेला ८० ने पळवा, टेम्परेचरचा काटा मधोमध, तासन्‌तास हलत नाही. पण लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरचा जास्त ताकदीचा हळू गिअर, टाकून दगडांच्या चढाला लावली की दहा मिनिटांत काटा लालकडे निघतो, आणि चढ संपवून मोकळ्या रस्त्याला लागलं की हळूहळू परत जागेवर. हे मी प्रत्येक मेकॅनिकला सांगितलं, घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. एकानेही पूर्ण ऐकून घेतलं नाही. 'गरम होते' एवढे दोन शब्द कानावर पडले की पाना हातात.

अरे अर्धं निदान तिथेच आहे ना! हायवेला वारा समोरून आपोआप येतो, तिथे गाडी थंड राहते म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटर आतून बऱ्यापैकी मोकळा आहे. लो गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं आणि गाडी चालते माणसाच्या चालीने, तिथे हवा ओढायला फक्त फॅन. मग आधी फॅनकडे आणि हवेच्या वाटेकडे बघायला नको का? उलट असतं, म्हणजे हायवेला तापली आणि हळू चालवताना गार राहिली असती, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा खालचा होज पाईप सक्शनने चपटा होतोय असं धरून चाललो असतो. हे काही गुपित नाहीये हो, पण विचारायलाच तयार नाहीत!

पहिल्या मेकॅनिकने काय केलं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकला. 'हा नसला की गाडी गारच राहते.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की हात शिवशिवतात. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ डिग्रीला उघडायला लागतो. तो काढला की सकाळी इंजिन तापतच नाही, डिझेल जास्त पिते, हीटर गार, आणि चढाला जे व्हायचं ते होतंच. त्यातून काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो, तिथे तो काढला तर बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनमध्येच फिरतं. म्हणजे थंड करायला गेला आणि आणखी तापवून बसला. संशय होता तर भांड्यात पाणी तापवायचं, थर्मोमीटर लावायचा, उघडतो का बघायचं, दहा मिनिटांचं काम आहे. मी नवीन आणून बसवला, पाणी भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून हवा बाहेर काढली, कारण तेही कोणी केलं नव्हतं.

दुसऱ्याने वॉटर पंप बदलला. का? 'जुना झालाय.' गळत होता का, नाही. बेअरिंगला प्ले होता का, नाही. पाती झिजली होती का, ते त्याने बघितलंही नाही. पंपासाठी फॅन उतरवावा लागतो, फॅनसाठी श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं ते प्लास्टिकचं कव्हर. आणि गाडी परत आली ती आधीपेक्षा वाईट, दहाच्या जागी पाच मिनिटांत काटा वर! मी विचारलं तर उत्तर, 'नवीन पंप आहे, सेट व्हायला वेळ लागेल.' पंप सेट होतो??

मग तिसरा. बोनेट उघडलं, वरची नळी दाबली आणि थेट निकाल, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि त्याच्या वरच्या हेडमधलं सील, गेली, इंजिन उघडायला लागेल. इथे मात्र माझं डोकं फिरलं. हेड उतरवणं म्हणजे काय खेळ आहे का? कूलंट रोज कमी होत नव्हतं, ऑइल दुधाळ झालं नव्हतं, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर नव्हता, गार इंजिन चालू केल्या केल्या नळ्या दगडासारख्या कडक होत नव्हत्या. गॅस टेस्टरमधलं ते निळं लिक्विड रेडिएटरच्या तोंडावर धरून बघितलं, जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असला की त्याचा रंग बदलतो. निळंच्या निळं राहिलं. या साध्या तपासणीऐवजी हा माणूस माझं अख्खं इंजिन खोलायला निघाला होता.

गाडी घरी आणली आणि स्वतः बसलो. आधी ग्रिल काढली. समोर एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर, आणि दोघांच्या मधल्या फटीत विटेसारखा वाळलेला चिखल, गवत, बिया, पानं, खालचा तिसरा हिस्सा पूर्ण बंद. समोरून बघितलं तर कंडेन्सर एकदम स्वच्छ दिसतो! प्रत्येकाने समोरूनच पाण्याचा फवारा मारला होता, त्याने चिखल आणखी मागे जाऊन बसला. कंडेन्सरचे बोल्ट सैल करून, गॅसचे पाईप न उघडता थोडा पुढे घेतला आणि इंजिनच्या बाजूने बाहेर असं पाणी मारलं, कमी प्रेशरने, नाहीतर त्या पातळ जाळ्या लगेच वाकतात. बादल्या भरून माती निघाली.

मग फॅन. फॅन ज्यावर बसतो त्या व्हिस्कस कपलिंगमध्ये सिलिकॉनचं घट्ट तेल असतं, गरम हवा लागली की पुढची पट्टी व्हॉल्व्ह उघडते आणि फॅन पकड घेतो. इंजिन चांगलं तापवलं, बंद केलं, फॅन हाताने फिरवला तर भिंगरीसारखा फिरत राहिला. तापल्यावर तो जड लागायला पाहिजे. कपलिंगच्या तोंडाशी तेलाची काळी धारही होती, उघड्या डोळ्यांना दिसणारी, तिघांनाही दिसली नाही.

आणि श्राउड! वरचा अर्धा भाग जागेवर नव्हताच. पंप बदलणाऱ्याने काढला आणि तसाच ठेवला. श्राउड नसला की फॅन जाळीतून हवा ओढायचं सोडून आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. पंपानंतर गाडी का बिघडली याचं उत्तर हे आहे, आणि मी तीन आठवडे हेड गॅस्केटच्या भीतीने झोपलो नाही.

रेडिएटरचं झाकणही बघितलं, ०.९ (बार, म्हणजे ते किती प्रेशर धरतं) लिहिलेलं, रबर तडकलेलं. झाकण प्रेशर धरत असेल तर अर्धं पाणी अर्धं कूलंट १२५ डिग्रीच्या आसपासपर्यंत उकळत नाही, प्रेशर गेलं की साधारण १०६ लाच उकळायला लागतं, आणि उंच डोंगरावर त्याच्याही आधी. सगळ्यात स्वस्त पार्ट, कोणी हात लावला नाही. (आणि गरम गाडीचं झाकण उघडू नका कोणी, कृपा करा, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.)

नवीन कपलिंग, नवीन झाकण, श्राउड जागेवर, चिखल साफ. काल तोच चढ, तोच लो गिअर, भर दुपारी अर्धा तास. काटा मधोमध. वर पोचल्यावर बोनेट उघडून नुसता उभा राहिलो, आनंदापेक्षा संतापच जास्त आला.

श्राउड मागायला पंपवाल्याकडे गेलो तेव्हा तो कोपऱ्यात धूळ खात पडला होता, 'हां, तो राहिला बहुतेक' म्हणाला पंपवाला. राहिला बहुतेक! माझा जुना चांगला पंप पण तिथेच कुठेतरी असेल, उद्या तो घेऊनच येणार आहे.